कस्तुराच्या तीन गाठी

कस्तुरा ओव्हाळ किती भित्री होती हे सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. ती कुत्र्याला भ्यायची, पोस्टमनला भ्यायची, शिक्का मारलेल्या कुठल्याही कागदाला भ्यायची. एसटीत कंडक्टरने तिकीट मागितलं तरी तिच्या पोटात गोळा यायचा, तिकीट हातात असताना. उजेड कमी पडेल या भीतीपोटी ती कंदिलाची काचसुद्धा चारचारदा पुसायची.

बाळंतपणाला मात्र ही बाई कधी भ्याली नाही. मूल पायाळू येवो, नाळ मानेला गुंडाळलेली असो, बाहेर नवरा आणि सासरा ओरडत असोत, कस्तुराचा हात हलायचा नाही. तिथे ती दुसरीच कुणी असायची.

चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अंगाला सहा गावं मिळून एक आरोग्य उपकेंद्र होतं. तिथे ती १९६५ पासून ए.एन.एम. होती. सरकारी कागदावर सहायक परिचारिका-प्रसाविका असं लांबलचक नाव, गावात नुसतं नर्सबाई. माहेर चऱ्होलीचं. नवरा भीमराज पिंपरीत एका कंपनीत लेथवर होता. सुरुवातीला काही घरांत या बौद्धाच्या पोरीला ओट्यावर चढू देत नसत. मूल अडलं की मात्र ओटाही मोकळा आणि माजघरही मोकळं. मूल रडलं की पुन्हा ओट्याखाली. कस्तुरा यावर काही बोलायची नाही. तिला राग यायचा नाही असं मात्र कुणी समजू नये.

सहा गावं पायी फिरायची, तर लक्षात किती ठेवायचं? या गावात लस द्यायची राहिली, त्या गावात टाके काढायचे आहेत. तिने आपल्या आईची रीत धरली. काम ठरलं की पदराला गाठ मारायची आणि काम झालं की ती जागच्या जागी सोडायची. संध्याकाळी पदर हातात घेतला की राहिलेलं काम बोटांना लागायचं. रजिस्टर ती शनिवारी एकदम भरायची. आठ वर्षांत तिचं एक इंजेक्शन चुकलं नाही की एक दोनदा गेलं नाही.

याच वर्षांत सोजरबाईचं प्रकरण झालं. सोजरबाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. कस्तुराने तिला वाळूच्या ट्रकमध्ये घालून चिंचवडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. दारातच आतल्या नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?"

"ए.एन.एम."

"मग बाहेर थांबा."

वार कधी पडली, रक्त किती गेलं, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, हे सगळं एकट्या कस्तुराला ठाऊक होतं आणि ती झुलत्या दाराच्या अलीकडे उभी होती. पलीकडून कुणी विचारायला आलं नाही. दुपारी सोजरबाई गेली.

त्या दिवसापासून कस्तुराला त्या दाराच्या आत उभं राहायचं होतं. एवढंच हवं होतं तिला. त्यासाठी ती बाहेरून मॅट्रिकला बसली आणि पास झाली. १९७३ मध्ये पत्र आलं. मॅट्रिक झालेल्या काही ए.एन.एम.ना जुनी नोकरी धरून नर्सिंगच्या तीन वर्षांच्या शिक्षणात एक वर्षाची सूट मिळणार होती. दोन वर्षं शिकायचं, परीक्षा द्यायची आणि नोंदणीकृत परिचारिका व्हायचं. खाली एक ओळ होती. वॉर्डात गंभीर चूक झाल्यास उमेदवारास मूळ जागी परत पाठवण्यात येईल. पत्र एवढं मोठं, पण कस्तुराला पाठ झाली ती हीच ओळ.

"तुला काय ढकलून देणार हायेत का लगेच?" भीमराज म्हणाला. "जा तू. पोरीला चऱ्होलीला आजीकडं ठिवू. माझं मी बघतो."

आणि त्याने बघितलं. भाकरी थापायला शिकला. कंपनीत पोरं चिडवायची, "काय भीमराज, बायको शाळेत आन् तुम्ही चुलीपुढं?" तो हसून म्हणायचा, "तुमच्या बायकांना धाडा राव, मग बोला."

चिंचवडचं ते इस्पितळ, सोजरबाई गेली तेच, हायवेच्या कडेला एका ट्रस्टचं होतं आणि त्याला लागूनच नर्सिंगचं विद्यालय. फरशी अशी गुळगुळीत की कस्तुरा पहिला आठवडा भिंत धरून चालली. बरोबरच्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या, इंग्रजी पुस्तकं फाडफाड वाचणाऱ्या. ही एकोणतिसाची, एका मुलीची आई. आणि अंगावर साडी नाही! पांढरा फ्रॉक, त्यावर एप्रन, डोक्यावर टोपी. आरशात बघून तिला हसूही आलं आणि रडूही. पदर नव्हता ना.

मग ती रुमालाला गाठी मारायला लागली. महिनाभर ते खपलं. एके सकाळी सगळ्या नर्सांच्या वरच्या मेट्रनबाई बायकांच्या वॉर्डात फेरीला आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, आवाज कधीच न चढवणाऱ्या. आवाज न चढवणारं माणूस जास्त भीतिदायक असतं, हे कस्तुराला तिथे कळलं.

"हातात काय आहे?"

"रुमाल, बाई."

"आणि या गाठी?"

कस्तुराने खरं ते सांगितलं. चार मुली फिस्सकन हसल्या. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल मागून घेतला, खिशात घातला आणि म्हणाल्या, "हे उपकेंद्र नाही. इथे कागद बोलतो. कागदावर नाही ते झालेलं नाही, एवढं ध्यानात ठेव."

कस्तुरा त्या दिवशी वॉर्डाच्या मोरीत जाऊन इतकी रडली की पुढचं काहीच तिला नीट आठवत नव्हतं. पण शिकली. तक्ते भरायला शिकली, इंग्रजी नावं घोकून पाठ केली. एकच खोड गेली नाही. हातातली कामं आधी उरकायची आणि लिहायचं ते सगळं मागाहून एकदम. आठ वर्षांची शनिवारची सवय होती ती. आणखी एक गोष्ट तिच्याही नकळत झाली होती. एप्रनचा बंद कमरेला बांधल्यावर एक टोक डाव्या हाताशी लोंबायचं. जिथे भीती जास्त, तिथे तिची बोटं त्या टोकाला आपसूक एक बारीक गाठ मारायची.

दोन वर्षं सरत आली. मार्च पंच्याहत्तर. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

त्या सकाळी तिची ड्यूटी बायकांच्या वॉर्डात होती. वॉर्डाची सिस्टर फरीदा वयाने कस्तुरापेक्षा पाच वर्षांनी लहान, कामाला चलाख. तिने सकाळची यादी हातात दिली. सहाव्या खाटेवर केसरबाई, चाकणच्या बाजाराजवळ राहणारी साठीची म्हातारी. मधुमेह, पायाला न भरणारी जखम. सकाळी सातला इन्सुलिन, चोवीस युनिट. यादी वाचता वाचता कस्तुराचा डावा हात बंदाशी गेला.

"कस्तुराताई, मेट्रन बघेल हां," फरीदा हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चला, सात वाजले."

सात वाजून चार-पाच मिनिटं झाली असतील, तोच समोरच्या खाटेवरच्या पोरीला झटका आला. ती खाटेवरून खाली पडली, डोळे पांढरे, तोंडाला फेस. सगळा वॉर्ड ओरडायला लागला. कस्तुरा धावली. दातांत चमचा घालू पाहणाऱ्या वॉर्डातल्या कामवाल्या मावशीला बाजूला केलं, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात धरला. डॉक्टर आले, औषध गेलं, पोर शांत झाली. या सगळ्यात अर्धा तास गेला.

कस्तुरा सहाव्या खाटेपाशी परत आली. ट्रेमध्ये सिरिंज रिकामी पडलेली. तक्त्यावर आजचा रकाना कोरा.

दिलं की नाही?

तिने आठवून पाहिलं. कालचं आठवलं, परवाचं आठवलं, आजचं काही केल्या आठवेना. सिरिंज इंजेक्शन देऊन रिकामी झाली की भरायचीच राहिली?

"आजी, आज सुई टोचली का मी?"

"न्हाई गं पोरी. आज कुठं? ती काल." केसरबाई म्हणाली. बिचारीला रोजच टोचत होते, तिला तरी काय हिशेब लागणार?

कस्तुराने फरीदाला विचारलं. फरीदा झटकेवाल्या पोरीचे कागद भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तक्त्यावर सही आहे का? नाही ना? मग दिलेलं नाही. देऊन टाका, नाश्ता यायचाय."

कागदावर नाही ते झालेलं नाही. कस्तुराने सिरिंज बदलली, चोवीस युनिट ओढून घेतलं, केसरबाईच्या दंडात दिलं, सुई काढून कापूस दाबला. आणि तिची डावी बोटं नेहमीसारखी गाठ सोडायला बंदाच्या टोकाशी गेली.

बंद सपाट होता. गाठ नव्हती.

तिने टोक डोळ्यांसमोर धरलं. नाडीसारखं चुरगळलेलं, मघाशी गाठ होती तिथे वळ उमटलेला. ती तशीच फरीदाकडे गेली. "सिस्टर, सकाळी यादी वाचताना मी बंदाला गाठ मारली होती का?"

"मारली की. मी नाही का म्हटलं, मेट्रन बघेल म्हणून?"

म्हणजे मारली होती. आणि सुटलेली होती. म्हणजे काम झालं होतं. कस्तुराच्या गाठी आपोआप सुटत नसत. दहा वर्षांत एकदाही सुटली नव्हती.

म्हातारीच्या अंगात दुप्पट औषध गेलं होतं.

पहिल्यांदा तिने काय केलं, तर धावत जाऊन पेलाभर पाण्यात साखर ढवळली आणि केसरबाईच्या तोंडाला लावली. केसरबाईने एक घोट घेतला आणि तिचे डोळेच चमकले. "अगं बया! साकर? चार म्हैनं झालं जिभंला लागली न्हाई. आज काय सण हाय व्हय?"

"पी आजी. सगळं पी."

"आनखी आन जरा. आन् ह्या शेजारनीला सांगू नगं."

म्हातारी मिटक्या मारत होती आणि कस्तुरा दुसरा पेला ढवळत होती. तिच्या मनात आलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या मनात आलं की गप्प बसावं. साखर पाजत राहावं, जेवण जास्त वाढावं. कुणाला कळणार आहे? एकच सही करायची, सात वाजताची. आठ दिवसांनी परीक्षा. दोन वर्षं भीमराजने भाकरी थापल्या, पोरीने शनिवार-रविवारची आई बघितली, ते सगळं या एका सहीवर होतं. आणि ती पत्रातली ओळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. गंभीर चूक. मूळ जागी परत. पुन्हा झुलत्या दाराच्या बाहेर.

फरीदाला कळलं तेव्हा तीही पांढरीफटक पडली. वॉर्ड तिच्या ताब्यात होता, द्यायलाही तिनेच सांगितलं होतं. इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, "एकदाच लिहा. दोन वाजेपर्यंत आपण दोघी नजर ठेवू. साखर पाजू. काही होणार नाही."

"आणि दोननंतर?"

फरीदाने झटकेवाल्या पोरीचे कागद पुन्हा पुढे ओढले.

कस्तुराने हे औषध पुस्तकात घोकून घोकून पाठ केलं होतं. ते सावकाश चढायचं. खरा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत, मग रात्रीपर्यंत अंगात. दोन वाजता या दोघी घरी जाणार. संध्याकाळची नर्स येणार, तिला तक्त्यावर चोवीस दिसणार. म्हातारी सुस्त पडली तर ती म्हणणार, झोपू दे. कस्तुराला अचानक वाळूचा ट्रक आठवला. काय झालं हे ठाऊक असलेली बाई दाराबाहेर आणि आत कुणाला काही माहीत नाही. फरक एवढाच, की या वेळी बाहेर थांबायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती आपणहून थांबणार होती.

तिने तक्ता घेतला. पेनाचं टोपण काढलं. सकाळी सात, इन्सुलिन चोवीस, सही. सकाळी सात-पस्तीस, इन्सुलिन चोवीस, चुकून दुसऱ्यांदा, सही. कस्तुरा ओव्हाळ. पूर्ण नाव लिहिलं. मग तक्ता हातात धरून ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली, कारण आणखी पाच मिनिटं थांबली असती तर तिचे पाय त्या खोलीकडे वळलेच नसते.

मेट्रनबाईंनी वाचलं. उठल्या, डॉक्टरांना बोलावलं, केसरबाईच्या उशाशी ग्लुकोजचा संच लावून ठेवायला सांगितलं, तक्त्यावरच्या त्या दोन नोंदींखाली लाल शाईने रेघ मारली. एवढं झाल्यावर कस्तुराला म्हणाल्या, "दोन वाजता ड्यूटी संपते तुझी. त्यानंतर माझ्याकडे ये."

"मी थांबू का बाई, खाटेपाशी?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "थांब."

दोन वाजले, तीन वाजले. केसरबाई गप्पा मारत होती. चाकणच्या बाजारात सुनेने कांदा कसा स्वस्तात घालवला, ते तिसऱ्यांदा सांगून झालं. कस्तुरा तिचा हात धरून बसली होती आणि मनातल्या मनात मिनिटं मोजत होती. एकदा उठून ओकून आली.

साडेचारला म्हातारी वाक्याच्या मध्येच थांबली. "सोनबा कुठं गेला?" म्हणाली. सोनबा तिचा धाकटा भाऊ, मरून वीस वर्षं झालेला. कस्तुराच्या हातातला हात एकदम गार आणि घामाने चिंब झाला. "सोनबा," म्हातारी पुन्हा म्हणाली आणि मान लवंडली.

सुई उशाशी होती, डॉक्टर दारात होते. काय झालंय हे कुणी कुणाला विचारलं नाही, कारण तक्त्यावर लाल रेघ मारून लिहिलेलं होतं. ग्लुकोज शिरेत गेलं. कस्तुरा खाली फरशीवर बसली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग वरून आवाज आला, "खाली काय बसलीस गं? आन् ती साकर कुठं हाय?"

कस्तुराने तोंडात एप्रनचा बोळा कोंबून हुंदका दाबला.

सहा वाजता ती मेट्रनबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. आता पत्रातली ती ओळ वाचून दाखवतील, असं तिला वाटत होतं.

"या परीक्षेला तुला बसता येणार नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "सहा महिने वॉर्डात पुन्हा काम करायचं. मग ऑक्टोबरला बस. वर मी तसं कळवते."

"म्हणजे परत नाही पाठवत?"

"चूक लपवली असतीस तर पाठवलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "मला एक सांग. तक्ता कोरा, म्हातारी नाही म्हणते. आधी दिलं होतं हे तुला कळलं कसं?"

कस्तुराने बंदाचं टोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. शिक्षा झालेलीच होती, आता लपवायचं तरी काय?

मेट्रनबाईंनी वाकून तो वळ बघितला. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला, आत हात घालून चाचपलं आणि एक रुमाल बाहेर काढला. कस्तुराचाच. पिवळा पडलेला, घडी तशीच, आणि कडेला तीन गाठी.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या.

कस्तुराने हात पुढे केला आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा बघून मेट्रनबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"बाई, या बांधलेल्या आहेत."

"मग?"

"बांधलेली म्हणजे काम राहिलेलं."

मेट्रनबाईंनी रुमाल टेबलावर ठेवला, जणू हाताला चटका बसला. "कुणाची कामं?"

"एक आठवते. बाराव्या खाटेवरच्या मुलीची पट्टी बदलायची होती." कस्तुराने डोळे घट्ट मिटले. "बाकीच्या दोन आठवत नाहीत. मी त्या दिवशी नुसती रडत होते."

मेट्रनबाई उठल्या. कपाटातून त्यांनी पावणेदोन वर्षांपूर्वीचं वॉर्डाचं रजिस्टर काढलं आणि तारीख शोधली. दोघी त्या पानावर वाकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कस्तुराला त्या बाईंचा श्वास जोरात चाललेला ऐकू आला. पान स्वच्छ होतं. बाराव्या खाटेची पट्टी, सही. सगळ्या खाटा, सगळे रकाने, सगळ्या सह्या. एकही जागा कोरी नव्हती, आणि सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच हातच्या होत्या. दिवस संपताना दुसऱ्याच कुणीतरी, काम झालं की नाही ते न बघता, वरपासून खालपर्यंत एकदम भरून टाकलेल्या.

"कागदावर तर सगळं झालंय," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि कस्तुराला म्हणाल्या, "तूही बस."

घरी गेल्यावर तिने भीमराजला सहा महिन्यांचं सांगितलं. तो तव्यापुढून उठला नाही. "बरं झालं. भाकरी आत्ता कुठं गोल व्हायला लागलीय," म्हणाला. मग कस्तुरा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली.

ऑक्टोबरला ती पास झाली. शहात्तर साली नोंदणीचं प्रमाणपत्र आलं, आणि त्याच इस्पितळात त्याच झुलत्या दाराच्या आत ती नर्स म्हणून उभी राहिली. गावाकडून कुणी ए.एन.एम. रुग्ण घेऊन आली की कस्तुरा तिला हाताला धरून आत घ्यायची आणि आधी तिचं ऐकून घ्यायची. इंजेक्शन देऊन झालं की सुई खाली ठेवायच्या आधी सही करायची. भीती मात्र गेली नाही. ती पूर्वीसारखीच पोस्टमनलाही भ्यायची.

प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवलेलं असायचं आणि त्याच्याखाली तो रुमाल. भीमराजने एकदा धुवायला काढला तेव्हा ती त्याच्या अंगावर ओरडली, लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या गाठी तिने कधी सोडल्या नाहीत. त्या पट्टीखेरीज आणखी दोन बायकांचं काहीतरी राहिलं होतं. काय राहिलं होतं आणि त्या कोण होत्या, हे तिला अजून आठवलेलं नव्हतं.